लक्षणांच्या आधीची वर्षे

ज्या घरात स्मृतिभ्रंश एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरत आला आहे, त्या घरात आजार नेमका कधी सुरू झाला या प्रश्नावर दोन माणसांचे एकमत होत नाही. माझ्या सासऱ्यांविषयी सासूबाई सांगतात की त्यांचा सख्खा भाऊ गेला त्या दिवशी ते कोरड्या डोळ्यांनी बसून होते आणि थोड्या वेळाने त्यांनी जेवण किती वाजता आहे असे विचारले, तेव्हाच आपल्या मनात पाल चुकचुकली. आत्याबाईंच्या मते त्याच्या कितीतरी आधीपासून बोलताना त्यांचे शब्द अडू लागले होते आणि ते वाक्य अर्धवट सोडून हसून वेळ मारून नेत. धाकट्या दिरांना आठवतात त्या भलत्या कागदांवर केलेल्या सह्या. डॉक्टरांच्या कागदावर निदानाची जी तारीख आहे ती या सगळ्यांच्या नंतरची, कारण मधला बराच काळ त्यांना नैराश्याची औषधे चालू होती.

मेंदूच्या प्रतिमांनी गेल्या तीस वर्षांत एवढे निश्चित दाखवून दिले आहे की या साऱ्याच तारखा उशिराच्या आहेत. घरातल्या कोणाच्याही लक्षात काही येण्याच्या कितीतरी आधी मेंदूत बदल सुरू झालेले असतात आणि ते यंत्राला टिपता येतात. ज्यांच्याकडे दोषी जनुक वारशाने आले आहे त्यांना आजार कधी गाठेल, हे अशा प्रतिमांवरून आधी सांगता येईल का, हा आज संशोधनातला एक मोठा प्रश्न आहे. माझ्यासाठी तो नवऱ्याचा आणि मुलांचा प्रश्न असल्यामुळे मी त्याविषयी नेटाने वाचत आले आहे, आणि त्यातून माझे एक ठाम मत तयार झाले आहे. या भाकिताचा खरा उपयोग औषध कधी द्यायचे हे ठरवण्यासाठी आहे. एखाद्या माणसाच्या हाती त्याची स्वतःची तारीख ठेवणे ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि या दोहोंची गल्लत झाली की आमच्यासारख्या घरांना त्याची झळ बसते.

आधी आजार कोणता ते स्पष्ट करायला हवे. उतारवयात होणाऱ्या स्मृतिभ्रंशात आनुवंशिकतेचा थोडाफार हात असतोच, पण इथे विषय त्याचा नाही. काही कुटुंबांत एकाच जनुकातला एकच बदल आजाराला पुरेसा ठरतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे तो असेल, तर प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा की मुलगी, थोरला की धाकटा, याने काहीही फरक पडत नाही, आणि एका भावाला तो मिळाला म्हणून दुसरा सुटला असेही होत नाही. अल्झायमरची अशी तीन जनुके ठाऊक आहेत: एकविसाव्या गुणसूत्रावरचे एपीपी, चौदाव्यावरचे प्रीसेनिलिन-१ आणि पहिल्यावरचे प्रीसेनिलिन-२. एपीपीमधला दोष १९९१ साली लंडनच्या संशोधकांना सापडला, आणि त्यामागे नॉटिंगहॅममधल्या एका शिक्षिकेचे पत्र होते. आपल्या वडिलांच्या भावंडांत हा आजार एकामागून एक दिसतो आहे आणि आपले कुटुंब अभ्यासाला उपयोगी पडू शकेल, असे तिने कळवले होते. या क्षेत्रातल्या फार मोठ्या शोधांच्या मुळाशी अशी कुटुंबे आहेत, हे मला वारंवार जाणवते. अल्झायमरच्या एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे, तरीही आजाराच्या आधीच्या काळाविषयी आपल्याला जे समजले आहे त्यातले बरेचसे त्यांच्याकडून आले आहे.

दुसरा गट फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाचा. यात कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदू आधी झिजतो, त्यामुळे सुरुवातीला स्मरणशक्ती शाबूत असते आणि बिघडतो तो स्वभाव, किंवा बोलणे. इथली मुख्य जनुके तीन: एमएपीटी, जीआरएन आणि २०११ साली सापडलेले सी-९-ओआरएफ-७२. आमच्या घरातले जीआरएन. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असली की प्रोग्रॅन्युलिन नावाचे प्रथिन शरीरात सुमारे निम्मेच बनते. पेशीतल्या टाकाऊ गोष्टींची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेला हे प्रथिन लागते, आणि त्याच्या तुटवड्यात मेंदूच्या पेशी कालांतराने तग धरू शकत नाहीत. जन्मापासून असलेला तुटवडा पाचसहा दशके का सोसला जातो आणि मग एकाएकी का सोसला जात नाही, हे कोडे मला या आजारातले सर्वांत अस्वस्थ करणारे कोडे वाटते.

आजार कधी येईल याचा अंदाज करण्याची जुनी रीत सोपी आहे. आईला किंवा वडिलांना तो कोणत्या वयात झाला ते पाहायचे आणि तेच वय मुलांसाठी धरायचे. प्रीसेनिलिन-१च्या कुटुंबांत ही रीत बऱ्यापैकी खरी ठरते. कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतात या जनुकातला एकच विशिष्ट दोष हजारो नातेवाइकांच्या एका विशाल कुळात पसरलेला आहे, आणि फ्रान्सिस्को लोपेरा या मेंदूरोगतज्ज्ञांनी १९८०च्या दशकापासून २०२४मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या कुळाचा पाठपुरावा केला. तिथे दोष असलेल्यांना सरासरी चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास सौम्य विसर पडू लागतो आणि एकोणपन्नासच्या सुमारास पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. वय इतके ठरलेले असल्यामुळेच अशा कुटुंबांतल्या माणसांना 'अपेक्षित सुरुवातीच्या इतकी वर्षे आधी' अशा एका काळरेषेवर मांडता येते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली उभारलेल्या डायन या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने नेमके हेच केले. त्याच्या १२८ सहभागींवरच्या २०१२च्या निबंधातला क्रम मला पाठ झाला आहे: अपेक्षित सुरुवातीच्या २५ वर्षे आधी मणक्यातल्या पाण्यातल्या अमायलॉइडच्या, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचत जाणाऱ्या प्रथिनाच्या, पातळीत उतार दिसतो, १५ वर्षे आधी मेंदूत साचलेले अमायलॉइड पेट स्कॅनवर, म्हणजे शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याच्या आधारे काढलेल्या चित्रावर, दिसते आणि मेंदूचे आकारमानही घटू लागलेले असते, १० वर्षे आधी मेंदू साखर कमी वापरू लागतो आणि प्रसंग लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत माणूस किंचित मागे पडतो. माणूस त्या काळात नोकरी करत असतो, मुले वाढवत असतो, आणि त्याला किंवा इतर कोणाला काहीही वावगे वाटत नसते.

जीआरएनच्या कुटुंबांत मात्र ही जुनी रीत कोसळते. माझ्या सासऱ्यांना आजार साठीच्या आत गाठला. त्यांच्या आईला तो आला असावा असे वाटते ते पंचाहत्तरीनंतर, आणि तोवर घरात सगळ्यांनी तो वयाचा परिणाम मानला. हा आमच्या घराचा विचित्रपणा नाही. जगभरच्या कुटुंबांची माहिती एकत्र केल्यावर असे दिसले की एमएपीटीमध्ये आईवडिलांचे वय मुलांच्या वयाविषयी बरेच काही सांगते, तर जीआरएनमध्ये फारच थोडे. एकच दोष असलेल्या दोन सख्ख्या भावंडांत सुरुवातीच्या वयाचे अंतर पंधरा-वीस वर्षांचे असू शकते, आणि क्वचित एखादा वाहक, म्हणजे दोष असलेला माणूस, म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणाने मरण पावतो. 'बाबांना झाले त्या वयाला मी पोचलो' असे मनात धरून वाढदिवस मोजणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे कळले तेव्हा त्याला आधी हायसे वाटले आणि काही दिवसांनी उलट जास्त जड वाटू लागले. ठरलेले वय कितीही वाईट असले तरी ते उलटून जाऊ शकते. न ठरलेले वय कधीच मागे पडत नाही.

म्हणूनच या कुटुंबांत मेंदूच्या चित्रणाकडे इतक्या आशेने पाहिले जाते. कुटुंबाचा इतिहास जिथे गप्प बसतो तिथे त्या एका माणसाचा मेंदू काही सांगेल का, हा प्रश्न आहे. एमआरआयच्या यंत्रात हाडांखालचा मेंदू साधारण एकेक मिलिमीटरच्या घनांमध्ये मोजला जातो, आणि मग संगणक करड्या भागाची सीमा आखून प्रत्येक भागाचे घनफळ काढतो. लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरच्या निक फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात आनुवंशिक अल्झायमरच्या कुटुंबांतल्या, तेव्हा निरोगी असलेल्या माणसांचे स्कॅन वर्षानुवर्षे घेऊन एकमेकांवर ठेवून पाहिले, आणि लक्षणे दिसण्याआधीच हिप्पोकॅम्पस आक्रसू लागल्याचे १९९६मध्ये दाखवले. स्मृतीशी निगडित असलेला हा भाग लहान असतो, त्यामुळे एकदाच मोजून फारसे कळत नाही. त्याच माणसाचा पुन्हा काढलेला स्कॅन शेजारी ठेवला की मगच घट डोळ्यांत भरते. फ्रंटोटेम्पोरल कुटुंबांसाठी असे काम युरोप आणि कॅनडातल्या जेनफी या अभ्यासाने केले. त्यांच्या २०१५च्या निबंधात अपेक्षित सुरुवातीच्या सुमारे १० वर्षे आधी इन्सुला या, मेंदूच्या घडीत दडलेल्या भागात आणि कानशिलामागच्या भागात झीज दिसली, आणि चाचण्यांतला फरक त्यानंतर, सुमारे ५ वर्षे आधी. प्रत्येक जनुकाची झिजेची तऱ्हाही वेगळी निघाली. एमएपीटीमध्ये ती कानशिलामागून सुरू होते. सी-९-ओआरएफ-७२मध्ये खोलवरच्या थॅलॅमसपर्यंत पोचलेली असते आणि फार संथ असते. जीआरएनमध्ये ती अनेकदा एकाच बाजूला जास्त असते आणि एकदा सुरू झाली की वेगाने पुढे जाते. सासऱ्यांचा पहिला एमआरआय मी पुन्हा काढून पाहिला आहे. डावीकडची बाजू उजवीपेक्षा स्पष्ट खंगलेली आहे, आणि शब्द अडण्याचे कारणही तेच होते.

या सगळ्या निबंधांत 'सुमारे १० वर्षे आधी' असे लिहिलेले असते ते गटाविषयी असते, आणि घरी बसून वाचणारा माणूस ते स्वतःविषयी वाचतो. आलेखावर वाहकांची एक रेषा आणि वाहक नसलेल्यांची दुसरी रेषा एकमेकींपासून दूर होताना दिसते. त्या रेषांभोवतीचे ठिपके पाहिले तर ते एकमेकांत पार मिसळलेले असतात. एखाद्या वाहकाचा मेंदू भरीव असतो आणि दोष नसलेल्या त्याच्या बहिणीचा थोडा लहान. डोक्याचा आकार, वय, लिंग, शिक्षण, जुन्या दुखापती या सगळ्यांचा परिणाम घनफळावर होतो. निरोगी प्रौढाच्या मेंदूचे घनफळ वर्षाला अर्ध्या टक्क्याहून कमीच घटते, आणि बराच वेळ पाणी न प्यायल्याने त्याच माणसाच्या मेंदूचे मोजमाप जवळपास तेवढेच बदलू शकते. यंत्र बदलले, डोके जरा हलले, तरी आकडा हलतो. म्हणून एका स्कॅनवरून एका माणसाविषयी बोलताना फार जपून बोलावे लागते.

तरी वैयक्तिक भाकिताचा प्रयत्न झालाच आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये असा मार्ग मांडला की प्रत्येक वाहकाचा मेंदू निरोगी माणसांच्या मेंदूंशी वय, लिंग आणि डोक्याचा आकार हिशेबात धरून ताडून पाहायचा, त्याच्या झिजेचा नकाशा काढायचा, आणि तो नकाशा आजाराच्या ओळखीच्या नकाशांशी किती जुळतो त्याला गुण द्यायचा. हे गुण जास्त असणारे लोक पुढच्या काळात लवकर आजारी पडण्याची शक्यता जास्त होती. पुढे २०२२मध्ये अमेरिका-कॅनडातल्या आणि युरोपातल्या गटांनी हजाराहून अधिक सहभागींची माहिती एकत्र केली आणि प्रतिमा, चाचण्या व रक्तातले न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन यांवरून प्रत्येकाचे जणू आजारातले वय काढले. मज्जातंतूंच्या पेशी मोडू लागल्या की हे प्रथिन रक्तात वाढते. या कामाचे फलित म्हणून त्यांनी जे दाखवले ते मला फार योग्य वाटते: अशा रीतीने नेमक्या टप्प्यावरची माणसे निवडली, तर औषधाची चाचणी कमी लोकांत आणि कमी काळात पुरी होऊ शकते. दुर्मीळ आजारात हीच सर्वांत मोठी अडचण असते. जगभरात वाहक मोजके असतात; त्यांच्यातले निम्मे जर पुढची वीस वर्षे आजारीच पडणार नसतील, तर औषध गुणकारी असूनही चाचणीत ते दिसणार नाही.

एखाद्या माणसाविषयी या पद्धतीला आज जे सांगता येते, ते अगदी जवळच्या काळापुरते सांगता येते. झीज ठळक असेल तर पुढचे वर्ष-दोन वर्षे धोक्याची आहेत असे म्हणता येते. झीज नसेल तर आजार दारात नाही एवढे म्हणता येते. मधल्या मोठ्या पट्ट्यातल्या माणसाला प्रामाणिक डॉक्टर काही सांगू शकत नाहीत, आणि लोकांना विचारायचे असते ते नेमके त्या पट्ट्याविषयी. घर घ्यावे का, मूल होऊ द्यावे का, नोकरी बदलावी का, हे प्रश्न दहा वर्षांच्या अंतरावर असतात.

पेट स्कॅनचीही अशीच गोष्ट आहे. आलोइस अल्झायमर यांनी १९०६मध्ये ज्या गाठी आणि चट्टे वर्णन केले ते त्यांना मृत रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते पाहायचे तर माणूस मरेपर्यंत थांबावे लागे. २००२ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे, पिट्सबर्गमध्ये तयार झालेले एक किरणोत्सारी द्रव्य रुग्णाच्या शिरेत सोडून जिवंत मेंदूतले अमायलॉइडचे चट्टे पहिल्यांदा पाहण्यात आले. त्यातल्या कार्बनचे अर्धे आयुष्य अवघे २० मिनिटांचे, म्हणून ते द्रव्य जागेवरच बनवावे लागे. नंतर ११० मिनिटे टिकणाऱ्या फ्लोरिनची द्रव्ये आली आणि तपासणी इतर रुग्णालयांपर्यंत पोचली. टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या गाठी दाखवणारे द्रव्यही आता आहे. आमच्या जीआरएनमध्ये साचणाऱ्या टीडीपी-४३ या प्रथिनासाठी असे विश्वासार्ह द्रव्य वैद्यकीय वापरात अजून नाही, त्यामुळे आमच्या घराला झीज होण्याआधीचे काही दिसण्याची सोय तूर्त नाही.

अमायलॉइड दिसले म्हणजे सगळे कळले असेही नाही, हे अँटिओकियाच्या त्याच कुळातल्या एका स्त्रीने दाखवून दिले. तिच्याकडे कुळातला दोष होता, म्हणजे तिला चाळिशीत आजार व्हायला हवा होता. सत्तरीपर्यंत तिला काही झाले नाही. बॉस्टनमध्ये तिचा पेट स्कॅन काढला तेव्हा तिच्या मेंदूतले अमायलॉइड कुळातल्या, तिच्याहून कितीतरी लहान वयात आजारी पडलेल्या माणसांपेक्षाही अधिक निघाले, आणि टाऊ मात्र फार थोडे. तिच्याकडे एपीओई जनुकाच्या क्राइस्टचर्च या दुर्मीळ प्रकाराच्या दोन्ही प्रती होत्या, हे २०१९मध्ये प्रसिद्ध झाले; २०२४मध्ये त्याच कुळातल्या, एकच प्रत असलेल्या सत्तावीस जणांत आजार सुमारे पाच वर्षे लांबल्याचेही दिसले. तिच्या पन्नाशीत कोणी केवळ अमायलॉइडचा स्कॅन पाहून तिला वर्ष सांगितले असते, तर ते भाकीत शास्त्रशुद्ध वाटले असते आणि साफ चुकीचे ठरले असते. तिला ते ऐकून घ्यावे लागले असते आणि पुढची वीस वर्षे त्याच्या छायेत काढावी लागली असती, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आज तिच्या मेंदूने दिलेल्या धाग्यावरून औषधे शोधली जात आहेत.

औषधांच्या चाचण्यांचा इतिहास निराशेचाच जास्त आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. डायनच्या कुटुंबांत सोलॅनेझुमॅब आणि गँटेनेरुमॅब या अमायलॉइडविरोधी दोन प्रतिद्रव्यांची चाचणी झाली. २०२०मध्ये कळले की बुद्धीची घसरण दोहोंनीही थांबली नाही. कोलंबियातल्या क्रेनेझुमॅबच्या चाचणीचा निकालही २०२२मध्ये तसाच लागला. २०२५मध्ये गँटेनेरुमॅब सर्वांत जास्त काळ, सरासरी आठ वर्षे, मिळालेल्या बावीस जणांच्या लहान गटात लक्षणे सुरू होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटल्याचे चिन्ह दिसले. एवढ्या लहान संख्येवर इमारत उभी करता येत नाही, पण लक्षणांच्या फार आधी औषध सुरू करण्याचा विचार त्यामुळे जिवंत राहिला. त्याच औषधांनी मेंदूला येणारी सूज आणि बारीक रक्तस्राव वेळीच दिसतात तेही एमआरआयवरच. प्रोग्रॅन्युलिन वाढवण्याच्या जनुकोपचारांच्या चाचण्या सुरू आहेत. सिद्ध झालेला उपाय आज हातात नाही.

या चाचण्यांतली एक गोष्ट मला इतर कोणत्याही निकालापेक्षा अधिक हलवून गेली आहे. केवळ दोष असलेल्यांनाच चाचणीत घेतले, तर प्रवेश मिळताच माणसाला आपण वाहक आहोत हे आपोआप कळेल. ज्यांना ते जाणून घ्यायचे नव्हते त्यांच्यासाठी हा मार्ग बंद झाला असता. म्हणून कोलंबियात आणि डायनमध्ये दोष नसलेल्या नातेवाइकांनाही चाचणीत घेण्यात आले आणि त्यांना गुपचूप औषधाविना द्रव देण्यात आला. म्हणजे एखादा भाऊ, ज्याला हा आजार होणारच नव्हता, वर्षानुवर्षे यंत्रात निश्चल पडून राहिला, सुया टोचून घेत राहिला, आणि आपल्या बहिणीला न कळण्याची मोकळीक त्याने टिकवून ठेवली. स्वतः सुरक्षित आहे हे त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते.

जनुकाची तपासणी आणि मेंदूचा स्कॅन यांच्यातला फरक पुरेसा बोलला जात नाही, असे मला वाटते. जनुकाचा निकाल एकदाच लागतो. तो ऐकायचा की नाही यासाठी आधी समुपदेशन, विचाराला वेळ, सोबत कोणीतरी, कोणत्याही क्षणी माघार घेण्याची मुभा, अशी एक चांगली चौकट हंटिंग्टन या मेंदूच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांच्या अनुभवातून तयार झाली आहे. १९९३मध्ये ते जनुक सापडल्यावर सगळे धावत येतील असे अनेकांना वाटले होते. धोका असलेल्यांपैकी पाचातला एकही जण धडपणे पुढे आला नाही. न कळवून घेणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, हे तेव्हा वैद्यकाला मान्य करावे लागले. स्कॅनचा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. या वर्षी काही दिसले नाही म्हटले तर पुढच्या वर्षाची धास्ती उरते, आणि ज्याने जनुकाचा निकाल ऐकण्याचे धैर्य केले त्यालाही प्रत्येक वेळी तेच धैर्य पुन्हा एकवटावे लागते. शिवाय झीज दिसली असे कोणी सांगितले, तर जनुकाचे उत्तरही त्यातच येते. हंटिंग्टनच्या वेळी उभारलेली ती चौकट प्रत्येक स्कॅनच्या निकालाला लागू असली पाहिजे, आणि निकाल सांगायचाच झाला तर आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही तितक्याच स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

माझा नवरा एका संशोधन-प्रकल्पात दरवर्षी जातो. तिथे त्याचे रक्त तपासले गेले आहे, मेंदूच्या प्रतिमा साठवल्या जातात, आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही त्याचा जनुकीय निकाल ठाऊक नसतो. त्याने निकाल न ऐकण्याचे ठरवले आहे. मला ऐकायचा होता. बरीच वर्षे मला वाटे की निकाल फक्त त्याचा नाही. या आजारात माणसाला स्वतःतला बदल जाणवत नाही, तो जाणवतो जोडीदाराला, आणि पुढची सगळी व्यवस्था जोडीदारालाच पाहायची असते. तो एखाद्या गोष्टीवर नेहमीपेक्षा थंडपणे बोलला की मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहते, आणि ते त्याला समजते. अशी नजर सतत अंगावर असणे हेही एक दुखणेच आहे. निकाल कळला असता तर ती नजर थांबली असती का? जनुक नाही असे निघाले असते तर नक्कीच. आहे असे निघाले असते तर ती कधीच थांबली नसती, आणि स्कॅनच्या प्रत्येक आकड्याने तिला नवे निमित्त दिले असते. व्यवस्थेपुरते जे करायचे ते आम्ही निकालाविना केले आहे: कागदपत्रे, मृत्युपत्र, आपल्यानंतर निर्णय कोणी घ्यायचे याची लेखी नोंद. त्यासाठी तारीख लागली नाही. हे करता करता माझा आग्रह मावळला, आणि त्याचे न ऐकणे मला आता पळवाट वाटत नाही.

खरी गुंतागुंत पुढच्या पिढीची आहे. आमची मुलगी आता सज्ञान आहे. तिच्याकडे दोष असण्याची शक्यता आज चारात एक. वडिलांचा निकाल कळला तर ती एकतर निम्मी होईल किंवा शून्य. तिला स्वतःची तपासणी करून घ्यायची आहे, कारण पुढे मूल होऊ द्यायचे तर दोष नसलेला गर्भ निवडण्याची सोय आहे आणि तिला त्याचा विचार वेळेवर करायचा आहे. तिच्यात दोष नाही असे निघाले तर वडिलांविषयी काहीच उघड होत नाही. दोष निघाला तर त्याच क्षणी वडिलांचेही उत्तर मिळते, त्यांनी न विचारता. तिचा जाणण्याचा हक्क आणि त्याचा न जाणण्याचा हक्क समोरासमोर येतात, आणि दोन्ही खरे आहेत. आईवडिलांचा निकाल उघड न करता केवळ निर्दोष गर्भ निवडून देण्याची पद्धतही आहे, पण तिला स्वतःचा निकाल हवा आहे, आणि सज्ञान माणसाचा तो निर्णय अडवण्याचा अधिकार कोणाला नाही, असे समुपदेशकांनी आम्हाला स्वच्छ सांगितले. तिने तपासणी करावी, निकाल तिने एकटीने ऐकावा, आणि घरी काय सांगायचे व काय नाही ते तिने ठरवावे, एवढ्यावर आम्ही तिघे आलो आहोत. वडिलांनी तिला सांगितले आहे की तिला ते एकटीला पेलवले नाही, तर तिने त्यांच्यासाठी म्हणून गप्प राहू नये. तसे झाले तर आपण निकाल ऐकायला तयार आहोत. तिची समुपदेशनाची पहिली भेट झाली आहे. विचार करायला तिला काही महिने दिले आहेत, आणि त्या काळात या विषयावर आधी तिनेच बोलायचे, आम्ही नाही, असे तिने सांगितले आहे.